मोरवेल कोणी कापली, आणि माझ्यामागे काय कोणाचे

मी, नरोत्तम उखाजी पाटील, वय चव्वेचाळीस, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, धंदा शेती व शिक्षकी (आजारामुळे सहा महिने रजेवर), हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा कोणाच्या धाकाने लिहीत नाही. 'शुद्धीवर' लिहिताना थोडा थांबलो, कारण गेले तीन महिने माझ्या मनात राग आहे, आणि रागावलेला माणूस शुद्धीवर धरावा की नाही याची मला शंका होती. ती मी शहाद्याच्या वकिलांना विचारली. ते म्हणाले, "मास्तर, न रागावलेला माणूस मृत्युपत्र करायला माझ्याकडे अजून आलेला नाही." तेव्हा पुढे लिहितो.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी माझे हृदय तपासून सांगितले की जिना चढू नये, वाद घालू नये. जिना आमच्या घराला नाही.

कलम पहिले. राहते घर, भांडीकुंडी, म्हैस, धान्याच्या कोठ्या, हे सर्व माझी पत्नी जसोदाबाई हिचे. घर मी बांधले असे गावात म्हणतात. मी नकाशा काढला आणि शाळेत गेलो. गवंड्यामागे उभी राहून बांधून घेतले ते तिने. माझ्या तिच्यावरच्या रागाने हे खोटे होत नाही.

कलम दुसरे. भावाशी झालेल्या वाटणीत माझ्याकडे आलेली अकरा बिघे जमीन जसोदाबाईने हयातभर खावी, तिच्यामागे ती आमची मुलगी प्रमिला (दोंडाईच्यास दिलेली) हिच्याकडे जावी. कपाशी कधी पेरावी आणि मजूर कोणते बोलवावे हे जसोदाबाईला कोणी सांगू नये. मी वीस वर्षे सांगत होतो. ती 'हो' म्हणे आणि आपल्या मनाचे करी, आणि पीक बरे येई.

कलम तिसरे. वडीलबंधू हिंमतराव यांना वेलीच्या जुन्या मांडवाची लोखंडी तार द्यावी. मांडव उभा केला त्या दिवशी ते कुंपणावरून म्हणाले होते, "नरू, येलना मांडव तर झाया, आते नवरदेव कोन?" त्याचा मला राग नाही, मीही हसलो होतो. राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. आमच्या बागेतला गडी खात्या याला मी काढून टाकल्यावर, तो प्यायलेला होता म्हणून त्याने वेल कापली, असे त्यांनी चावडीवर चारचौघांत सांगितले. खात्या प्यायलेला नव्हता. मी तेथेच बसलो होतो आणि बोललो नाही. म्हणून हा राग सगळा त्यांच्यावर काढणे मला शोभत नाही. तार मात्र त्यांनाच द्यावी. ती गंजली आहे.

कलम चौथे. पुण्याच्या शेतकी कॉलेजात असल्यापासून मी रोजनिशी ठेवत आलो, त्याच्या तेवीस वह्या आहेत. त्या प्रमिलाने ठेवाव्यात, जाळू नयेत. पण त्यांत लिहिले आहे म्हणून ते खरे, असे तिने समजू नये. मी रोज जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले, आणि तरीही मोठे खोटे माझ्या अक्षरात सात वर्षे कपाटात राहिले. ते कसे, हे पुढच्या दोन कलमांत सांगतो. मिळकतीच्या कागदात अशी हकीकत लिहू नये असे वकील म्हणाले. पण ज्याची अब्रू मी घेतली त्याला परत देण्यासारखी माझ्याकडे तेवढीच एक मिळकत आहे.

कलम पाचवे. घरामागे सव्वा गुंठ्याची बाग आहे. तीत डाळिंबाच्या दोन झुडपांवर आणि एका मांडवावर मोरवेल चढवलेली आहे. रानात मोरवेल पांढरी फुलते; हिच्या पाकळ्यांना फिकट जांभळी झाक आहे आणि हिचा बहर पंधरा दिवस जास्त टिकतो. ही वेल तोरणमाळच्या पायथ्याच्या एका पाड्यातला खात्या पावरा याने १९२७ साली डोक्यावरच्या टोपलीत, मुळांची माती न सांडता, दोन दिवस चालून आणली. तो आमच्याकडे बागेच्या कामाला होता. माझ्याच वयाचा. ती कोठून आणली हे त्याने सांगितल्यावर मी वहीत लिहिले, 'नवा प्रकार मला सापडला.' हे वाक्य मी आता खोडले आहे.

पहिली तीन वर्षे मी ती वेल कापू दिली नाही. माझ्याजवळ एक विलायती पुस्तक होते. त्यात जुन्या लाकडावर सुरी चालवू नये असे होते. ते दुसऱ्या जातीच्या वेलींसाठी होते हे मला कळले नाही. तिसऱ्या वर्षी वेल म्हणजे खाली उघड्या काड्या आणि वर पाखरांनी घरटी करावीत असा गुंता झाली. फुले छपराच्या वर, जिथे फक्त कावळ्यांना दिसतील. खात्या तिच्याकडे पाहून म्हणे, "मास्तर, येलले खाटलं कराले सांगं, आते ती झोपी गयी." (खाटलं म्हणजे खाट; मांडवाला तो तसे म्हणे.) शेवटी फाल्गुनात मी म्हटले, काप. दुसऱ्या दिवशी त्याने घरूनच हात मोहाच्या बियांच्या तेलाने माखून आणले, कारण मोरवेलीचा चीक ओला अंगाला लागला की फोड येतात, आणि सगळी वेल गुडघ्याएवढी ठेवून कापून टाकली. आश्विनात ती वेल डाळिंबाच्या पायथ्यापासून शेंड्यापर्यंत फुलली.

त्याची कापणी ओळखू येई. फुगलेल्या डोळ्यांच्या (फुटू पाहणाऱ्या कोंबांच्या) जोडीवर एक बोट जागा सोडून, तिरका, एका ओढीचा काप. तालुक्यात असे कापणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता.

१९३३ साली पुण्याच्या एका बागेचे अधिकारी आश्विनात वेल फुललेली पाहायला येणार होते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांचा दोष काही नाही. वेल पसंत पडली असती तर त्यांच्या बागेत वेलींचा विभाग माझ्याकडे आणि माळ्याची कायम जागा खात्याकडे, असे पत्राने ठरले होते. खात्याने आपल्या माणसांना सांगून टाकले होते. मी शाळेत सांगितले होते. ते येण्याच्या बारा दिवस आधी, भाद्रपदात, वेल माना टाकू लागली. तिसऱ्या दिवशी सगळी पाने काळी पडली. डाळिंबाच्या आत हात घालून पाहिले तर मुख्य खोड जमिनीपासून वीतभर उंचीवर कापलेले. डोळ्यांच्या जोडीवर एक बोट सोडून, तिरके, एका ओढीत.

अधिकारी आले. त्यांच्यासमोर, गावच्या पाचसहा जणांसमोर, मी तो कापलेला तुकडा खात्यापुढे धरला आणि विचारले, "ही कापणी कोणाची?"

त्याने तुकडा हातात घेऊन नीट पाहिला. म्हणाला, "कापनी मन्हासारखी शे, मास्तर. पन मी नही कापी."

दुसरा कोणी असता तर पहिले वाक्य बोललाच नसता. मला ते तेव्हा समजायला हवे होते. मी फक्त तेवढेच वाक्य ऐकले. त्याला त्याच दिवशी घालवले. 'ज्याला शिकवले त्यानेच दगा दिला' असे मी वहीत लिहिले. त्याला मी काय शिकवले होते, हे वहीत कुठेही लिहिलेले नाही.

अधिकारी म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी ती जागा भरलेली होती.

कलम सहावे. गेल्या मार्गशीर्षात, या कागदासाठी काय काय आपले आहे याची यादी करावी म्हणून मी जुन्या वह्या काढल्या. भाद्रपद १९३३ च्या पानावर माझ्या अक्षरात असे आहे: 'जसोदेच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना मोठे फोड. दूध उतू जाऊन भाजले म्हणाली. लोणी लावले.' आणि त्याच पानावर, चार ओळींखाली, दोन दिवसांनंतरचे: 'खात्याचे हात पाहिले. फोड नाहीत. तेल लावून कापली असणार.'

सात वर्षे हे दोन्ही माझ्याजवळ होते. एका पानावर.

जसोदाबाई भाकरी करत होती. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि पान तिच्यापुढे धरले. ती चौथी इयत्ता शिकलेली आहे. तिने सावकाश वाचले. मग तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "हां. मीच कापी."

"का?"

"पुनाले जानं नव्हतं माले."

"मग मला सांगायचं."

"माले इचारं व्हतं का तुम्हीन? पत्र उनं, तुम्ही सारी शाळामा सांगी उनात. माले भिकनना तोंडवरतीन समजनं." (उनं म्हणजे आलं; भिकन म्हणजे आमच्या गावी टपाल वाटणारा.) "आठे मन्ही जमीन, मन्ही म्हैस, गल्लीन्या बाया मन्हा दारशी येतीस. तठे मी कोन? सायेबना बंगलामांगे एक खोली."

मी म्हटले, कापायचीच होती तर कशीही तोडायची होती. खात्यासारखी का कापलीस? ती माझ्याकडे असे पाहू लागली, की जणू मी काही अगदी अडाणी प्रश्न विचारला आहे. म्हणाली, "मारानी नव्हती तिले. फक्त औंदा फुलाले नको व्हती."

ती चार फाल्गुन मागच्या दारात धान्य निवडत बसून खात्याची कापणी पाहत होती. तेलाचे मात्र तिला माहीत नव्हते. तो घरूनच हात माखून येई.

मग मी विचारले की खात्याला मी घालवले तेव्हा तू तोंड का उघडले नाहीस. भाकरी करपली. शेवटी ती मराठी शाळेतल्यासारखे, शुद्ध बोलली, जसे ती फार रागात किंवा फार लाजेत बोलते: "ते माझे चुकले. बाकीचे नाही चुकले."

मी येथे लिहून ठेवतो की मोरवेल जसोदाबाईने कापली, खात्याने कापली नाही, आणि मी त्याच्यावर चारचौघांत घेतलेला आळ खोटा होता. मी पत्नीला क्षमा केली, असे मात्र लिहीत नाही. तसे लिहिले तर कागद शोभेल, पण ते खरे नाही. तिने वेल कापली याचे दुःख आता मला फारसे उरलेले नाही. पुण्याची नोकरी माझ्याकडून झाली असती की नाही, हेही मला ठाऊक नाही. पण तिने रोज माझ्यासमोर बसून, मी खात्याला शिव्या देत असताना, मला भाजी वाढली. सात वर्षे. ते मला गिळता येत नाही. आणि हेही खरे की मी तिच्या हातांवरचे फोड वहीत टिपले, पण तिचे हात हातात घेऊन पाहिले नाहीत. कोणत्या गोष्टीचे वजन जास्त, हे ठरवण्याइतका वेळ डॉक्टर मला देतील असे वाटत नाही.

कलम सातवे. ~~मागील सव्वा गुंठा बाग, विहिरीवरील पाण्याच्या हक्कासह, खात्या पावरा यास द्यावी. कलम सहावे बाजाराच्या दिवशी चावडीवर मोठ्याने वाचावे.~~ हे कलम मी स्वतः खोडले आहे. (न. उ. पाटील)

खोडण्याचे कारण. हे कलम लिहून झाल्यावर मला लाज वाटली. आळ मी जिवंतपणी, तोंडावर घेतला. आणि परत घ्यायचा तो मेल्यावर, दुसऱ्याच्या तोंडून! मला पाड्यापर्यंत चालवणार नाही. जसोदाबाई म्हणाली, "मी जास." होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला सगळा डोंगर खाली उतरतो; तेव्हा ती छकडा जुंपून तळोद्याच्या बाजारात गेली आणि ढोल वाजवणाऱ्यांच्या गर्दीत तिने खात्याला शोधून काढले. तेथेच, त्याची बायको रूपलीबाई हिच्यासमोर, तिने सांगितले. त्याने ऐकले आणि म्हटले, होळी सोडून येता येणार नाही, होळी झाल्यावर येतो.

तो काल आला. केस पांढरे झाले आहेत. आल्याबरोबर बसला नाही; आधी बागेत जाऊन डाळिंबाच्या आत हात घालून खोडावरची जुनी गाठ चाचपली. बाहेर येऊन जसोदाबाईला म्हणाला, "बाई, कापेल मात्र चांगली शे."

ती हसली नाही. मीही नाही. तो हसला.

मी उठून उभा राहिलो, हे डॉक्टरांना कळू नये, आणि हात जोडून म्हणायचे ते म्हटले. भिकन आणि हिंमतराव यांना मी मुद्दाम बोलावले होते, दोघांनी ऐकले. हिंमतराव जमिनीकडे पाहत राहिले.

खात्या म्हणाला, "माले माहीत व्हतं, मास्तर. बाईना हात माले त्याच दिनले दिखनात."

यासाठी माझी तयारी नव्हती. मी विचारले, मग तू बोलला का नाहीस?

"तुम्ही मन्हा तोंडकडे देखतात तर बोलतू. तुम्ही येलकडे देखी ऱ्हायंतात."

म्हणजे या घरात ते सर्वांना माहीत होते. बायकोला, गड्याला, आणि बहुधा म्हशीलाही. रोज सगळे लिहून ठेवणाऱ्या मला एकट्यालाच माहीत नव्हते. काल दुपारभर मला हे सहन झाले नाही, आणि आजही नीट होत नाही. खात्यानेही मला फसवले असे वाटून गेले, आणि मग असे वाटल्याची लाज वाटली, आणि तरीही ते वाटणे गेले नाही. जसे आहे तसे लिहितो.

बाग देऊ केली, ती त्याने घेतली नाही. "बाग घी सन काय करू? मन्हा डोंगरमा या येलले कोनी पानी देत नही, तरी फुलस." मग त्याने विचारले की त्याच्याविषयी लिहिलेले कागदावर कुठे आहे. भिकनने कलम सहावे वाचून दाखवले. 'खात्याने कापली नाही' एवढे वाक्य त्याने दोनदा वाचायला लावले.

कलम आठवे. बाग आता जसोदाबाईची. वेल तिने हवी तर ठेवावी, हवी तर काढावी. ठेवली तर तिच्यासाठी पुढील लिहितो. यातले निम्मे तिला माझ्याआधी माहीत होते असे दिसते, तरी लिहितो.

कापणी फाल्गुनात, बियांची पांढरी पिसे उडून गेल्यावर. ही वेल पावसाळ्यात वाढलेल्या नव्या शेंड्यांवर फुलते, म्हणून पाऊस लागल्यावर सुरी लावायची नाही. काडी करडी आणि मेलेली दिसली तरी नखाने खरवडून पाहावी. आत हिरवी असेल तर जिवंत आहे. डाळिंबावरची वेल गुडघ्याएवढी ठेवावी. मांडवावरच्या वेलीचे चार मुख्य फाटे राखून बाकीचे कापावे.

वेलीला तणावे नसतात; पानाचा देठच आधाराला विळखा घालतो. देठ आखूड, म्हणून जाड बांबू त्याला धरता येत नाही. मी तीन वर्षे बांबू लावत होतो. कपाशीच्या वाळक्या काड्या टोचाव्यात, त्या तिला बोटाएवढ्या पुरतात. नवा शेंडा आडवा वळवायचा तर दुपारी, तो उन्हाने जरा मऊ पडलेला असताना. सकाळी पाण्याने भरलेला शेंडा काडकन मोडतो. बांधायचे केळीच्या सोपटाने, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा सैल वेढा देऊन. बुंध्यावर डाळिंबाची सावली राहू द्यावी, शेंडा उन्हात. वर्षातून दोनदा पायथ्याशी शेणखत, खोडाला न टेकवता.

कलम नववे. माझी कापणीची सुरी आणि मोठी कात्री कोणाला द्यावी हे मला सुचत नाही. ज्याला लागेल त्याने घ्यावी.

कलम दहावे. लाभ घेणाराने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले आहे. खात्याने काही घेतले नाही, म्हणून मी त्याला साक्षीदार होण्याची विनंती केली. तो म्हणाला, "मन्हा अंगठा तुमना कागदवर चालीन?" मी म्हटले, चालेल. जसोदाबाईला साक्षीदार होता येत नाही. पण ती म्हणाली की कलम सहाव्याबद्दल तिचे स्वतःचे चार शब्द हवेत, मास्तरांच्या अक्षरातले नकोत. मी कागद आणि दौत तिच्यापुढे सरकवली. तिने काय लिहिले ते मी वाचले आहे. त्यात बदल केलेला नाही.

"मोरवेल मी कापली. खात्याने नाही. तेव्हा बोलले नाही हे पाप माझे. पुण्याला जायचे नव्हते हे मी सांगायला हवे होते. मला विचारायलाही हवे होते. — जसोदाबाई नरोत्तम पाटील, स्वहस्ते."

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली, आणि त्यांनी माझ्यादेखत केली.

नरोत्तम उखाजी पाटील

साक्षीदार:
१. खात्या पावरा, डाव्या हाताचा अंगठा. कलम सहावे त्यास वाचून दाखविले.
२. भिकन, टपाल वाटणारा, मुक्काम ब्राह्मणपुरी. सही दस्तुरखुद्द.

मुक्काम ब्राह्मणपुरी, तालुका शहादे,
ता. २३ मार्च १९४१